एकतीस हप्ते

दुकानात फोन आला गुरुवारी. शुक्रवार सकाळपर्यंत दादाने तो पोटात ठेवला, मग बायकोला सांगितला, बायकोने त्याच्या धाकट्या बहिणीला कळवला, आणि रविवारी दुपारी तीनला तिघंही आक्काच्या दारात उभी राहिली. तीन जिने चढून सगळ्यांनाच धाप लागली होती, त्यामुळे आधी तोंड कोणी उघडायचं हा प्रश्न दोन मिनिटं तरी लांबणीवर पडला.

आक्काने दार उघडलं. तिघांना एकदम पाहून तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. आज महिन्याचा तिसरा रविवार होता. ही माणसं पहिल्या रविवारी यायची.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी गेलं नाही," दादा म्हणाला. "आत तर येऊ दे."

वहिनी आत येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. बावीस वर्षं ती याच खुर्चीत बसत होती आणि बावीस वर्षं ती खुर्ची एका पायाने डगडगत होती. वहिनीला गोल गोल बोलता येत नसे. चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, 'ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही', आणि दुसरी, दुप्पट किमतीची, शोभवून दाखवायची.

"आक्का, कार्डवाल्यांचा फोन आमच्याकडे आला होता. दुसरा नंबर म्हणून तुम्ही दुकानाचा दिलाय. दोन महिने तुम्ही कमीत कमी भरायचे तेवढेही भरले नाहीत म्हणे. आणि एकूण देणं तीन लाख साठ हजार."

आक्काने टेबलावर नसलेला चुरा तळहाताने गोळा केला.

"समोर गिऱ्हाईक बसलेलं," दादा म्हणाला. "मी त्याला म्हणतोय खालची ओळ वाचा, आणि ती फोनवरची बाई मला आकडे वाचून दाखवतेय."

वहिनी वाटेत सगळे तर्क करून आली होती. आक्काला खर्च तो कसला? एकटा जीव. दोन खोल्या, दोन स्वेटर, हॉस्पिटलच्या स्विचबोर्डावर अठ्ठावीस वर्षांची नोकरी, येता-जाता बस. अशा बाईचे साडेतीन लाख आपणहून जात नाहीत, कुणीतरी नेलेले असतात.

"कुणी फसवलं का तुम्हाला? फोनवर गोड बोलून? लाजू नका, शिकल्यासवरल्यांनाही फसवतात."

"मला फोनवर कोण फसवणार? दिवसभर मी फोनच तर उचलते."

"मग गेले कुठे पैसे?"

"खर्च झाले," आक्का म्हणाली आणि उठायला लागली. "चहा टाकते."

"तू बस," धाकटी म्हणाली. "मी टाकते. आणि वहिनी, तू जरा दमानं घे. चोर पकडल्यासारखं काय बोलतेस? तिचं कार्ड, तिचे पैसे."

"तिचे पैसे असते तर फोन आमच्या दुकानात कशाला आला असता?"

धाकटी तडक आत गेली.

ती स्वयंपाकघरात शिरली आणि बाहेर दादा एकदम मोठ्याने बोलायला लागला. काचांचे भाव वाढले, नवीन मशीन बसवायचं आहे, रस्ता खणून ठेवलाय. धाकटीला आधी हसू आलं. सवय कशी जाणार? या घरात कुणी एकटं आत गेलं की बाहेरच्यांनी मोठ्याने बोलायचं असतं.

ही आईची रीत. शिवणाच्या मशीनवर तिने तीन पोरं वाढवली, आणि पोरं मिळवती झाली तेव्हा फळीवर बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी यायचं. गप्पा मारता मारता एकेकाने 'जरा पाणी पिऊन येतो' म्हणत एकटं आत जायचं. हात सैल असेल त्याने डब्यात घालायचं, अडचण असेल त्याने घ्यायचं. मोजायचं नाही, विचारायचं नाही, बघायचं नाही. 'देणारा ताठायला नको आणि घेणारा वाकायला नको,' आई म्हणायची. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ताकाला जाऊन भांडं लपवायची मुभा होती, आणि बाहेरच्यांनी ते भांडं न पाहिल्याचं करायचं.

डब्याचं झाकण घट्ट बसायचं. चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागायचं आणि तेव्हा 'टक्' असा आवाज यायचा. कितीही मोठ्याने बोललं तरी तो बाहेर ऐकू यायचाच. पण पैसे घातले तरी टक् आणि घेतले तरी टक्. त्यावरून कुणाला काही कळत नसे, आणि तीच तर त्यातली गंमत होती.

आई जाऊन पाच वर्षं झाली होती. धाकटी दूध ओतताना आठवायला लागली, की आपण डब्यात शेवटचं कधी घातलं? आठवेना. घेतलेलं मात्र एकेक आठवत होतं. मुलीच्या वसतिगृहाची अनामत. घर बदललं तेव्हाचं टेम्पोभाडं. दाताचं. दर वेळी झाकण उघडलं की आत नोटा असायच्याच, आणि दर वेळी तिला वाटायचं, दादाचं दुकान बरं चाललंय.

ती दुधाचं पातेलं तसंच ठेवून बाहेर आली.

"आक्का, कार्डाची स्टेटमेंटं कुठेत?"

आक्काने कपाटातून फाईल काढून दिली. कागद महिन्यांप्रमाणे लावलेले, कोपरे जुळवलेले. धाकटीने पर्समधून लाल पेन काढलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि हातात कागद आला की लाल पेन आपोआप यायचं.

"खरेदी एकही नाही," ती पाच-सहा पानं उलटून म्हणाली. "चप्पल नाही, औषध नाही. सगळे मशीनमधून काढलेले रोख. आठ हजार. पाच. बारा. आक्का, कार्डावर रोख काढले की त्याच दिवसापासून व्याज लागतं. तुला माहीत होतं?"

"नंतर कळलं."

धाकटीने मोबाइलवर कॅलेंडर उघडलं आणि तारखांवर खुणा करायला लागली. "हा शनिवार. हाही शनिवार. हाही." तिने पेन खाली ठेवलं. "सगळे पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशीचे आहेत."

आत दूध उतू गेलं. चुर्र असा आवाज आला, करपल्याचा वास आला, आणि गॅस बंद करायला कुणी लगेच उठलं नाही.

"डब्यात घालत होतीस?"

"रिकामा कसा ठेवणार?" आक्का म्हणाली.

दादाला पहिल्यांदा जाणवली ती लाज. पण लाज घेऊन फार वेळ बसता येत नाही, म्हणून तो धाकटीकडे वळला.

"तू घालत नव्हतीस? तुला तर बढती मिळाली होती."

"मला वाटलं तू घालतोयस. दुकान जोरात चाललंय असं वहिनी सगळ्या जगाला सांगत असते."

"मग काय, दुकान बुडतंय म्हणून पाटी लावू?" वहिनी उसळली. "भाडं दुप्पट झालं तेव्हा आमची झोप उडाली होती. यांनी डब्यातून आणले म्हणून निभावलं. तुझ्या मुलीची अनामत कुठून भरलीस?"

"डब्यातून."

"बघा! आंधळं दळतंय आणि..."

"वहिनी, पीठ तूही खाल्लंयस."

 दादाला वाटलं आता भांडण पेटणार, पण भलतंच झालं. वहिनीने आणि धाकटीने एकमेकींकडे पाहिलं, आणि बावीस वर्षांत क्वचितच झालं असेल असं दोघींचं एकमत झालं.

"पण आक्का, तुम्ही एकदा बोलायचं ना!" वहिनी म्हणाली.

"खरंच," धाकटी म्हणाली. "एक फोन करायचा होतास. आम्ही काय परके होतो?"

"हद्द झाली," दादाही म्हणाला. तिघं एका बाजूला आल्यावर त्याला जरा बरं वाटलं. आक्कावर रागावलं की आपल्यावर कुणी रागावत नव्हतं.

आक्काने तिघांकडे पाहिलं. "आईने विचारायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मग सांगायचं नाही, हेही त्यातच आलं ना? मला वाटलं दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. कुणाचा तरी हात सैल होईल, कुणीतरी घालेल. दर महिन्याला तीन-चारदा टक् वाजायचं. तुम्ही गेल्यावर मी उघडून बघायचे. आधीपेक्षा कमीच असायचे."

 दादाने खिशातून दुकानाचं पॅड काढलं. त्यावर चष्म्याचे नंबर लिहायला दोन रकाने छापलेले होते, उजवा डोळा आणि डावा डोळा. उजव्या डोळ्याखाली त्याने तीन लाख साठ हजार लिहिले.

"झालं ते झालं. आता फेडायचं बघू. तिघांनी महिन्याला सहा-सहा हजार काढायचे. झाले अठरा. तीन लाख साठला अठराने भाग. वीस महिने. संपलं!"

"आणि व्याज काय तुझे सासरे भरणार?" धाकटी म्हणाली.

"माझ्या वडिलांना मध्ये आणायचं नाही," वहिनी म्हणाली. पण ती पॅडवर वाकली होती.

"इकडे दे." धाकटीने पॅड ओढून घेतलं. "महिन्याला तीन टक्के व्याज. तीन साठवर पहिल्याच महिन्यात किती झालं? दहा हजार आठशे. तू अठरा हजार भरलेस, त्यातले दहा हजार आठशे व्याजात गेले. मुद्दलातून किती कमी झाले?"

"सात हजार दोनशे," दादा वर्गातल्या मुलासारखा म्हणाला.

"बाकी राहिली तीन लाख बावन्न हजार आठशे. पुढच्या महिन्याचं व्याज तेवढ्यावरच, म्हणजे दहा हजार पाचशे चौऱ्याऐंशी. मुद्दलातून जरा जास्त गेले. असं दर महिन्याला व्याज थोडं कमी, मुद्दल थोडं जास्त." मोबाइलवर गणित करत ती डाव्या डोळ्याखाली एकेका महिन्याची ओळ उतरवत गेली, मग खाली रेघ मारली. "एकतीस महिने. शेवटचा हप्ता किंचित कमी."

"एवढे?"

"उद्या मी त्यांना फोन करून दर कमी करून मागते. दिला तर लवकर सुटू. पण हिशोब वाईटात वाईट धरूनच करायचा."

"आणि समजा," वहिनीने हळूच विचारलं, "एखाद्याला नाही जमलं? दोघांनीच भरले, बारा हजार?"

"मग दीडपट," दादा म्हणाला. "सत्तेचाळीस महिने."

"अठ्ठ्याहत्तर," धाकटी म्हणाली. "साडेसहा वर्षं. बारातले दहा हजार आठशे व्याजच खातं, मुद्दलापर्यंत पोचतात बाराशे. एक माणूस सरकला की असं होतं."

"आणि एकानेच सहा भरले तर?"

"तर कधीच नाही. सहा हजारांत व्याजही भागत नाही. भरत राहायचं आणि कर्ज वाढत राहणार."

"ते मला माहीत होतं," आक्का म्हणाली. "एकटीचा हिशोब मी करून पाहिला होता."

तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. दादाच्या डोळ्यांपुढे ती आली, याच टेबलाशी, समोर हीच फाईल. त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण तशी सवय नव्हती, आणि मध्ये टेबल होतं.

"तिघं भरणार आहोत," तो म्हणाला. "शब्द देतो. वेळ पडली तर नवीन मशीन नको, पण हे आधी."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "कार्ड द्या आक्का. कात्री कुठंय?"

कार्ड तिने आधी दोन तुकड्यांत कापलं, मग चार, मग नखाएवढे बारीक तुकडे होईपर्यंत कापतच राहिली. सगळा दोष त्याचाच असल्यासारखी.

"मग पैसे पहिल्या रविवारी आणाल ना?" आक्काने विचारलं. तिच्या आवाजात जरा हुशारी आली होती. "डब्यात नकोत आता. इथे टेबलावरच ठेवू, सगळ्यांसमोर. मी वहीत लिहून ठेवीन. बँकेत नेऊन मीच भरत जाईन."

"आणायचे कशाला?" धाकटी म्हणाली. "दर पाच तारखेला आमच्या खात्यातून आपोआप थेट कार्डाच्या खात्यात जातील. मी आत्ताच लावून देते दोघांचं. तारीख चुकली की दंड लागतो, नुसत्या भरवशावर नको."

"हे बरं," दादा म्हणाला. "तुझीही दगदग वाचेल."

"मला कसली दगदग?"

 धाकटी मोबाइलवर बोटं चालवत होती.

"मी काय म्हणते," आक्का म्हणाली, "डब्यात काही नसतं तर तुम्ही आला असतात?"

धाकटीची बोटं थांबली.

"म्हणजे आम्ही पैशासाठी यायचो?" दादाचा आवाज चढला. "असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही रे. पण डबा एकदा रिकामा निघाला असता, की ज्याने उघडला त्याला पुढच्या वेळी यायला लाज वाटली असती. मग एक आलं नाही की दुसरं येत नाही. मी एवढाच विचार केला. महिन्यातून एकदा मी कपाटातून चार कप काढते. बाकी दिवस एकच." तिने फाईलचे कोपरे जुळवले. "दिवसभर मी लोकांना फोन जोडून देते. 'थांबा, जोडून देते', हेच माझं काम. घरी आल्यावर बोलायला कुणी नसतं. तुम्ही यावं, एवढंच मला हवं होतं. त्याला साडेतीन लाख लागले, हे माझं चुकलंच."

दादाला भांडायचं होतं. पण त्याच्या डोक्यात भलताच हिशोब सुरू झाला आणि थांबेना. गेल्या वर्षात तो तीन पहिल्या रविवारी आला नव्हता. कुठले तीन? शाळा सुरू होतानाचा, जेव्हा मुलांचे चष्मे खपतात. त्याच्या पुढचा. आणि नवीन वर्षाचा. दुकानात हात सैल असलेले तेवढेच तीन महिने. घालायला म्हणून तो एकदाही आला नव्हता.

त्याने पॅडवरचं पान फाडलं आणि टेबलावर आक्कासमोर सरकवलं.

"येऊच की गं," तो म्हणाला. "पैशांचा काय संबंध?"

"पुढच्या पहिल्या रविवारी?"

"त्या रविवारी दुकानात माल मोजायचाय. त्याच्या पुढच्या."

"तेव्हा माझे पेपर तपासायचे असतील," धाकटी खाली बघत म्हणाली. "पण बघते. फोन करते."

धाकटी खोटं बोलत नव्हती, दादाही नव्हता. फक्त या खोलीत आणखी दहा मिनिटं बसणं दोघांनाही जड झालं होतं, आणि पुढच्या वेळी यापेक्षा हलकं वाटेल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

निघताना धाकटीच्या घशाला खरोखरच कोरड पडली. "मी जरा पाणी..." ती म्हणाली आणि अर्ध्यातच थांबली. वहिनीने खिडकीबाहेर पाहिलं. दादाने सवयीने मोठ्याने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"थांब, मी आणते," आक्का म्हणाली.

तिने ट्रेमध्ये तीन पेले आणले. तिघंही उभ्या उभ्या पाणी प्यायली. वहिनीने रिकामा पेला ठेवताना आक्काचा हात क्षणभर धरला आणि म्हणाली, "त्या खुर्चीच्या पायाखाली काहीतरी घाला हो. पडाल एखाद्या दिवशी." मग ती सगळ्यांच्या आधी जिना उतरायला लागली.

आक्काने दार लावलं. पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली, मग रस्त्यावरच्या आवाजात मिसळून गेली. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. तिने शेगडीवर करपलेलं दूध घासून काढलं. चार कप बाहेर काढून ठेवले होते, चहा झालाच नव्हता. कोरडे कप तिने परत कपाटात ठेवले.

टेबलावरचा मोबाइल वाजला. तिने हात पुसत धावत जाऊन उचलला. कार्डवाल्यांचा संदेश होता. खात्यात सहा हजार जमा. धाकटी अजून बसमध्ये असेल, बसमधूनच भरले असणार. आक्काने संदेश दोनदा वाचला. ती मोबाइल खाली ठेवते तोच तो पुन्हा वाजला. सहा हजार जमा. हे दादाचे. दुकानातलं नवीन मशीन राहिलं.

शब्दाची पक्की आहेत पोरं, तिला वाटलं, आणि खरंच अभिमान वाटला. आईलाही वाटला असता. तिने आपलेही सहा हजार भरले. अठरा झाले. दादाने ठेवलेल्या पानावर, डाव्या डोळ्याच्या रकान्यात, धाकटीने लिहिलेल्या पहिल्या ओळीसमोर तिने बरोबरची खूण केली. आणखी तीस ओळी भरल्या की सुटलो. तिने आत जाऊन डबा उचकटला, टक् झालं. त्यात कार्डाचे तुकडे टाकले आणि झाकण दाबून बसवलं. बाहेर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मग ती डगडगत्या खुर्चीत बसली. अडीच वर्षं म्हणजे फार नाहीत. आणि एवढ्या दिवसांत, आठव्या-नवव्या महिन्यात म्हणा, कुणाचा तरी एखादा हप्ता चुकेलच की, असं तिच्या मनात आलं. माणूस आहे, विसरतो. चुकला की रागावायचं नाही. सरळ फोन करायचा, 'काय रे, विसरलास का?' म्हणून विचारायचं, आणि मग इकडचं तिकडचं बोलायचं. कोणता महिना असेल तो, हे बघायला तिने पान जवळ ओढलं. सहाव्या ओळीपर्यंत आली तेव्हा तिला आठवलं, की धाकटीने निघायच्या आधी पुढचे तीसच्या तीस हप्ते बँकेत आपोआप लावून दिले होते. आता कुणालाही काही लक्षात ठेवायची गरज नव्हती.